निथळणीचा हिशेब

प्रदूषण आणि उत्पादनखर्च यांची खाती दोन निरनिराळ्या दप्तरांत लिहिण्याची जी रीत आमच्या धंद्यात पडून गेली आहे, ती मोडल्यावाचून विद्युत् विलेपनाच्या कारखान्याचे कोणतेही नियोजन शहाणपणाचे होणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. क्रोमिक ॲसिडची खरेदी हिशेबनीस नोंदवितो. सांडपाण्याची चिंता, १९७४ च्या जलप्रदूषणविषयक कायद्याच्या आणि त्याखालील संमतीपत्राच्या धाकाने, दुसराच कोणी वाहतो. आणि बाथच्या काठावर जो खरा व्यवहार घडतो, त्याकडे या दोघांचेही लक्ष नसते.

तो व्यवहार जवळून पाहावा. कारागीर क्रोमच्या बाथमधून रॅक उचलतो, तेव्हा नगांच्या खोबणींतून तांबूस द्रव आधी धारेने आणि मग थेंबाथेंबाने गळू लागतो. पण ती धार तुटण्यापूर्वीच रॅक शेजारच्या धुण्याच्या टाकीत उतरतो, आणि दोन टाक्यांमधली फरशी कायमची पिवळी पडते. ही घाई त्याची नव्हे, नगावर मजुरी ठरविणाऱ्याची आहे. म्हणून कारागिराला कसूरवार धरणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

आता हिशेब मांडू. लिटरला २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड असलेल्या बाथमधून तासाला एक लिटर द्रव नगांबरोबर बाहेर जातो आणि धुण्याचे पाणी बाथच्या सहस्रांशाइतके सौम्य हवे, असे धरल्यास, एकाच टाकीत धुताना तासाला हजार लिटर पाणी लागते. त्याच जागी उलट्या प्रवाहाने जोडलेल्या दोन टाक्या ठेवल्या, म्हणजे ताजे पाणी शेवटच्या टाकीत सोडून ते नगांच्या विरुद्ध दिशेने मागे वाहू दिले, तर सुमारे ३२ लिटरांत काम भागते; तीन टाक्यांत सुमारे दहा लिटरांत. पाणी वाचले तरी आठ तासांच्या पाळीत दोन किलो क्रोमिक ॲसिड गेले ते गेलेच. त्यातील षट्संयुजी क्रोमियम निरुपद्रवी करण्यास किमान तीन किलो सोडियम बायसल्फाइट, वर आम्ल आणि चुना लागतो, आणि जो गाळ उरतो तो घातक कचरा म्हणून तळोजा किंवा रांजणगावसारख्या ठिकाणी मोल देऊनच पाठवावा लागतो. एकाच मालाचे दाम आपण तीनदा मोजतो: विकत घेताना, मारताना आणि पुरताना.

म्हणून नवी लाइन आखताना सांडपाणी संयंत्राचा आकार ठरविण्याआधी निथळणीची तजवीज व्हावी, असा आमचा आग्रह आहे. बाथवर एक आडवी दांडी बसवून रॅक दहा-पंधरा सेकंद टांगता आला, टाक्यांमध्ये बाथकडे उतरती फळी ठेवली आणि कारागिराच्या दरात तेवढ्या सेकंदांची भरपाई धरली, तर द्रवाचा मोठा भाग जागच्या जागी परततो; आणि धुण्याचे पाणी तासाला दहा लिटरांवर आले म्हणजे, ऊन बाथमधून वाफेने जी घट होते ती याच पाण्याने भरून काढता येते. हजार लिटरांच्या बाबतीत ही गोष्ट अशक्य होती.

यात एक अडचण आहे आणि ती लपविणे योग्य नव्हे. द्रवाबरोबर लोह आणि तांबेही बाथमध्ये परत येऊन साचतात, आणि निकेलच्या बाथमध्ये चकाकीच्या रसायनांचे विघटित अंशही साठतात. म्हणून परतावा सुरू करणाऱ्याने बाथची नियमित तपासणी आणि निकेलच्या बाबतीत सक्रिय कोळशाने शुद्धी यांचा खर्च आरंभीच धरला पाहिजे. तो न धरता केलेली काटकसर पुढे नाकारलेल्या मालाच्या रूपाने वसूल होते. अरुंद गाळ्यात तीन टाक्या मावत नाहीत, हीही तक्रार खरी आहे. तेथे बाथच्या वरच नगांवर बारीक फवारा मारण्याचा मार्ग उरतो, पण तो ऊन बाथलाच मानवतो.

आरंभ मोजणीपासून करावा. ठाऊक आकारमानाच्या स्वच्छ, स्थिर पाण्यात बाथमधून निघालेले शंभर रॅक बुडवून काढावेत, त्या पाण्यातील धातू अनुमापनाने काढावा आणि बाथमधील त्याच धातूच्या संहतीने आणि मग रॅकच्या संख्येने भागावे, म्हणजे एका रॅकमागे किती द्रव जातो ते कळते. हेच काम एकदा नेहमीच्या घाईने आणि एकदा पंधरा सेकंद निथळू देऊन करावे, आणि दोन्ही आकडे नगांच्या आकारासह आम्हांस कळवावेत. पुढील अंकांतून ते वाचकांपुढे ठेवू.