पहिलं पाणी

1975 चा वसंत. दक्षिण नॉर्वेतल्या टॉव्हडाल नदीच्या खोऱ्यात बर्फ वितळू लागला आणि हजारो ट्राउट मासे मरून पडले. नदीत कुणी विष सोडलं नव्हतं. ते हिवाळाभर डोंगरावर साचत होतं.

ब्रिटन आणि मध्य युरोपातल्या कोळशाच्या धुरातलं गंधक वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाऊन, आम्ल बनून तिथल्या बर्फात उतरत होतं. पाऊस पडतो नि वाहून जातो. बर्फ मात्र महिनोन् महिने सगळं धरून ठेवतो. शिवाय थरातले स्फटिक वाढताना आम्लाला आत राहू देत नाहीत, पृष्ठभागावर ढकलतात. मग वितळायला लागलं की आधी आम्लच धुऊन निघतं. योहानेसेन आणि हेन्रिक्सन या नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी 1978 मध्ये दाखवलं, की बर्फाच्या पहिल्या 30 टक्के पाण्याबरोबरच 50 ते 80 टक्के प्रदूषकं निघून जातात. खालची जमीन गोठलेली, माती पातळ, खडक ग्रॅनाइटचा. आम्ल मारायला चुनाच नाही. त्यात हे पाणी मातीतलं ॲल्युमिनियम सोडवून आणतं. ते कल्ल्यांवर बसतं, अंगातले क्षार निसटतात, मासा गुदमरतो.

वर्षाच्या सरासरीत बर्फ वितळण्याचा असा आठवडा दिसतही नाही. माशाला मात्र त्याच आठवड्यातून जावं लागतं, आणि माझ्या मते नदीची तब्येत त्या आठवड्यावरूनच ठरवायला हवी.

1985 च्या हेलसिंकी करारात गंधकाचं उत्सर्जन 30 टक्के घटवायचं ठरलं. ब्रिटननं सही केली नाही. पुढे युरोपात उत्सर्जन खूप उतरलं, तरी नॉर्वेला अजून नद्यांत चुना टाकावा लागतो.

आपल्याकडे, भारतात, पावसातलं आम्ल धुळीतला चुना बऱ्यापैकी मारतो, हे खरं. पण औष्णिक वीजकेंद्रांवर 2015 मध्ये घातलेलं सल्फर डायऑक्साइडचं बंधन जुलै 2025 मध्ये बहुतेक केंद्रांवरून उठलं, तेव्हा हवेतली पातळी मर्यादेत असल्याचं कारण दिलं गेलं. मला ते पटत नाही. हा वायू हवेत वायू म्हणून टिकत नाही. त्याचे सल्फेट कण होतात आणि दूरवर जातात. चंद्रपूर-कोराडीच्या धुराचा हिशेब चिमणीपाशी संपवू नका. वारा जिकडे जातो तिकडच्या ओढ्यांत, तळ्यांत मृगाचं पहिलं पाणी उतरेल, तेव्हा तेही तपासा.