गुलाबी डब्यात काय आहे?

श्रावणात वास्कोतील श्री दामोदर सप्ताहाची फेरी भरते, तेव्हा खेळण्यांच्या दुकानांपुढे सर्वांत जास्त गर्दी असते. तिथली मांडणी वर्षानुवर्षे ठरलेली. एका बाजूला ट्रक, जेसीबी, विमाने आणि बंदुका, तर दुसऱ्या बाजूला बाहुल्या, भातुकली आणि मेकअपचे सेट. मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात मात्र गेल्या काही वर्षांत तिसरा प्रकार आला आहे. ठोकळे जोडून काही तरी उभारायचे खेळणे, पण डबा गुलाबी-जांभळा आणि त्यावर मुलींची चित्रे. म्हणजे मुलींसाठी खास तयार केलेले बांधकामाचे संच. आता चतुर्थी, दिवाळी, वाढदिवस अशा निमित्तांनी ते आपल्याही घरांत येऊ लागले आहेत. त्यांच्यावरून जगात मोठा वाद झाला. तो समजून घेणे आपल्याही उपयोगाचे आहे.

बांधकामाची खेळणी मुलांचीच, ही समजूत जुनी आहे. १९०१ साली लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी पट्ट्या, नट आणि बोल्ट यांच्या खेळण्याचे पेटंट घेतले. तेच पुढे ‘मेकॅनो’ झाले. त्याची जाहिरात ‘मुलग्यांसाठी इंजिनिअरिंग’ अशीच केली जाई. डेन्मार्कच्या लेगो कंपनीची भूमिका एके काळी वेगळी होती. १९७४ साली संचासोबत पालकांसाठी दिलेल्या पत्रकात कंपनीने म्हटले होते की, निर्मितीची ओढ मुलामुलींत सारखीच असते. मुलाला बाहुलीघर बांधावेसे वाटेल, मुलीला अंतराळयान, आणि दोन्ही योग्यच. १९८१ च्या तिच्या एका गाजलेल्या जाहिरातीत साध्या जीन्समधली एक छोटी मुलगी स्वतः जोडलेली वस्तू अभिमानाने दाखवताना दिसते. 

पुढे बाजाराने वाट बदलली. अंतराळ, किल्ले, पोलीस, चित्रपटांतल्या लढाया असे विषय वाढले आणि ते मुलग्यांसमोर ठेवूनच विकले गेले. मुलींसाठी ‘बेलव्हिल’सारख्या वेगळ्या मालिका काढल्या, पण त्यांत जोडण्यापेक्षा सजवण्यावर भर होता. शेवटी अमेरिकेतील आपले सुमारे ९० टक्के ग्राहक मुलगेच आहेत, असे कंपनीच्याच लक्षात आले. चार वर्षे अभ्यास करून तिने २०१२ मध्ये ‘लेगो फ्रेंड्स’ ही मालिका आणली. हार्टलेक नावाचे काल्पनिक शहर आणि त्यात ऑलिव्हिया, मिया, अँड्रिया, स्टेफनी व एमा या पाच मैत्रिणी. सुरुवातीच्या संचांत ब्यूटी शॉप, कॅफे, घर, जनावरांचा दवाखाना होता, आणि ऑलिव्हियाची शोध लावायची कार्यशाळाही होती.

त्यावर टीकेची झोड उठली. अमेरिकेतील ‘स्पार्क’ या मुलींच्या चळवळीच्या निवेदनावर ५० हजारांहून अधिक सह्या झाल्या. आक्षेप केवळ रंगाला नव्हता. लेगोच्या नेहमीच्या बाहुल्याचे पाय वेगवेगळे हलतात, हाताचे पंजे फिरतात. फ्रेंड्समधल्या बाहुलीचे दोन्ही पाय एकत्रच हलत आणि पंजा फिरत नसे. म्हणजे मुलींच्या वाट्याची बाहुली दिसायला नाजूक, पण कामाला कमी. दुसऱ्या बाजूने कंपनीचे म्हणणे असे की, मुलींना काय आवडते ते त्यांनाच विचारून हे केले आहे. विक्रीने कंपनीला साथ दिली. ज्या घरांत पूर्वी ठोकळे येतच नव्हते, तिथे ते आले.

मग बरोबर कोण? दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि म्हणूनच प्रश्न रंगाचा नाही. फ्रेंड्सचे ठोकळे नेहमीच्या लेगोला तंतोतंत बसतात. कॅफेच्या संचातून मुलगी उद्या पूल बांधू शकते. पण डब्यावरच्या चित्राप्रमाणे चार भिंती लावल्या आणि उरलेला वेळ बाहुली सजवण्यात गेला, तर ते नव्या वेष्टनातले बाहुलीघरच. त्याच सुमारास स्टॅनफर्डमध्ये शिकलेल्या अभियंता डेबी स्टर्लिंग यांनी ‘गोल्डीब्लॉक्स’ हा संच काढला. त्यात गोष्टीचे पुस्तक वाचता वाचता खुंट्या, चाके आणि फीत जोडून फिरणारे यंत्र बनवायचे होते. गोष्ट मुलीची आणि रंगही गोड, पण पट्ट्यावर चाक कसे फिरते हे हाताला कळत होते. डब्याचा रंग पाहण्याआधी पाहायचे ते हे, की आतले खेळणे हाताला आणि डोक्याला किती काम देते.

लेगोलाही पुढे पावले बदलावी लागली. २०१४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ, जीवाश्मतज्ज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ अशा तीन स्त्रियांचा संच आला. त्याची कल्पना एलन कोइमन या भूशास्त्रज्ञ महिलेची होती आणि तो हातोहात संपला. २०२१ मध्ये कंपनीने जीना डेव्हिस इन्स्टिट्यूटकडून सात देशांतील सुमारे सात हजार पालक व मुलांची पाहणी करून घेतली. त्या देशांत भारत नव्हता, तरी निष्कर्ष आपल्याला ओळखीचे वाटतील. दुसऱ्यांचे मानले जाणारे खेळणे घेतले तर लोक हसतील अशी भीती ७१ टक्के मुलग्यांना वाटत होती. मुलींत हे प्रमाण ४२ टक्के होते. नाच आणि नटणे यांसाठी पालक मुलग्यांच्या जवळपास पाचपट मुलींना प्रोत्साहन देत होते. थोडक्यात, मुली बदलायला तयार आहेत. अडखळतात ते पालक, आणि कोंडी मुलग्यांचीही होते. पुढे कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. १ जानेवारी २०२४ पासून तिथल्या मोठ्या दुकानांना मुलगा-मुलगी असा भेद नसलेला खेळण्यांचा विभाग ठेवावा लागतो.

आपल्याकडे असा कायदा नाही. इथली चर्चा मुख्यतः आयात आणि दर्जाची आहे. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. त्यामुळे देशी उत्पादकांना संधी मिळाली. आपल्या गोव्यातच, जुन्या गोव्याजवळच्या खोर्ली औद्योगिक वसाहतीत, फनस्कूलचा कारखाना आहे. पेडण्याहून हाकेच्या अंतरावरील सावंतवाडीत चितारी कारागीर लाकडी खेळणी आजही करतात. पण तिथेही मुलींसाठी पहिला हात जातो तो भातुकलीवरच. देशी खेळणी वाढत असताना जुनी वाटणीही त्यांच्यासोबत वाढू नये, एवढे तरी आपण मागू शकतो.

भातुकलीला नावे ठेवायचे कारण नाही. त्यात हिशेब आहे, वाटणी आहे, संवाद आहे. ती मुलग्यांच्याही हाती द्यावी. पण जागा, माप, तोल, कोन यांची समज जोडण्या-मोडण्याच्या खेळातून वाढते आणि सरावाने सुधारते. जिला तो सराव मिळत नाही, तिला पुढे उगाच वाटते की आपल्याला हे जमत नाही.

गोव्यात हा मुद्दा आता शाळेपर्यंत आला आहे. राज्य सरकारच्या योजनेतून सहावी ते आठवीच्या वर्गांत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवले जाते. अकरा-बारा वर्षांची मुलगी मोटर आणि चाके पहिल्यांदाच हातात घेते, आणि शेजारचा मुलगा सात वर्षे तेच खेळत आलेला असतो. गटात काम सुरू झाले की तो जोडतो आणि ती वहीत लिहून घेते. ही वाटणी शाळेने केलेली नसते, ती घरून आलेली असते.

वास्कोकरांना तर हे जास्त कळायला हवे. आपल्यापैकी अनेक कुटुंबे इथे आली ती मुरगाव बंदर, रेल्वे, नौदल आणि १९५७ पासूनच्या गोवा शिपयार्डच्या कामामुळे. आपली चूल जोडण्या-दुरुस्तीच्या कामावर पेटली. याच गोव्यात, दिवाडीच्या अक्वेरिअस शिपयार्डमध्ये, ‘तारिणी’ ही शिडाची नौका बांधली गेली. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच ती २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्यातून नेली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ रोजी परत आणली. भर समुद्रात काही बिघडले तर दुरुस्तीला तिसरे कोणी नसते. पाना आणि पक्कड त्यांनाच हाती घ्यावी लागते.

तेव्हा यंदा भाचीसाठी किंवा नातीसाठी भेट घेताना चार गोष्टी पाहाव्यात. डब्यात जोडायचे तुकडे किती आणि सजावट किती? चित्राखेरीज दुसरे काही त्यातून बनते का? घरातल्या आधीच्या ठोकळ्यांना ते बसते का? आणि तेच खेळणे आपण तिच्या भावालाही दिले असते का? उत्तरे समाधानकारक असतील, तर डबा गुलाबी असला म्हणून काही बिघडत नाही. महाग संच परवडत नसेल तर नट-बोल्टचे देशी संच आहेत, पुठ्ठा आणि डिंक आहे.

खेळण्यापलीकडेही करण्यासारखे पुष्कळ आहे. चतुर्थीला माटोळीचा सांगाडा बांधताना, मखराचे चलचित्र जुळवताना मुलींना फक्त फुले ओवायला बसवू नये; दोरी आणि हातोडीही त्यांच्या हाती द्यावी. दिवाळीत मंडळाच्या आवारात मुलांनी किल्ला बांधायचा ठरवला, तर बुरूज कुठे घ्यायचा हे ठरवणाऱ्यांत मुलीही असाव्यात. आणि त्याच दिवशी फराळाच्या ताटल्या मांडायला मुलगेही यावेत.