वाचकाला वाक्यात जागा हवी

१९४० च्या सुमारास दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या आहत, म्हणजे ठसे मारलेल्या, नाण्यांकडे ते वळले, तेव्हा नाणकशास्त्राचे अभ्यासक मुख्यतः नाण्यांवरची चिन्हं वाचत. वजनातूनही इतिहास वाचता येतो, असं कोसंबींचं म्हणणं. पण संख्याशास्त्राशी संबंध नसलेल्या वाचकाला ते पटवायचं कसं? त्यांनी स्वतःच्या काळातली, रोजच्या व्यवहारातली नाणी वजनाला लावली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. जितकी जास्त वर्षं चलनात, तितकं त्या नाण्यांचं सरासरी वजन कमी आणि एकेका नाण्यातला फरक जास्त. खिशातल्या नाण्याबद्दल हे मान्य केलं, की बावीस-तेवीसशे वर्षांपूर्वीच्या नाण्याबद्दल नाकारणं अवघड होतं.

दुसऱ्या विद्याशाखेतल्या वाचकाला असं बरोबर घेता येतं. विषय पातळ करावा लागत नाही. वाचकाला आधीपासून काय ठाऊक आहे ते हेरून तिथून निघावं लागतं.

आपल्या विद्यापीठांतल्या प्रबंधांत हे क्वचित दिसतं, याचं मला वाईट वाटतं. 'प्रस्तुत प्रकरणात आढावा घेण्यात आला आहे', 'असे दिसून येते', 'असे म्हणता येईल'. कोणाला दिसून आलं, कोण म्हणतंय, कोणाला सांगतंय, काही कळत नाही. चांगली, बोलकी मुलं लिहायला बसली की अशी लिहू लागतात, कारण 'मी' लिहू नका, प्रश्न विचारू नका, ते शास्त्रीय नाही, असं त्यांना बजावलेलं असतं.

हे खरं नाही. केन हायलंड या भाषाअभ्यासकाने आठ विद्याशाखांमधले २४० इंग्रजी शोधनिबंध तपासून २००५ साली आपले निष्कर्ष मांडले. तत्त्वज्ञानासारख्या विषयांतले लेखक वाचकाला 'आपण' म्हणून सामील करून घेतात, त्याला प्रश्न विचारतात. विज्ञान-अभियांत्रिकीतले लेखक हे कमी करतात. त्यांचा भर 'आकृती पाहा', 'हे मूल्य स्थिर धरा' अशा थेट सूचनांवर. कारण उघड आहे. पदार्थविज्ञानाचा वाचक त्याच तालमीत तयार झालेला असतो, त्याला दोन शब्दांत सांगितलेलं पुरतं. तत्त्वज्ञानात वाचकाची संमती पानोपानी मिळवावी लागते. रीत वेगळी, पण वाचक दोन्हीकडे हजर आहे.

ही रीत संस्कृतीप्रमाणेही बदलते का, हा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. भाषाअभ्यासक रॉबर्ट कॅप्लन यांनी १९६६ साली इंग्रजी लेखनाची सरळ रेघ आणि पौर्वात्य लेखनाचं वर्तुळाकार वळण अशी चित्रंच काढली. पुढे त्यांवर पुष्कळ टीका झाली. मलाही ती चित्रं पटत नाहीत, कारण लिहिणारी व्यक्ती एकच असून वाचकाप्रमाणे वळण बदलू शकते.

इरावती कर्वे यांचंच पाहा. १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यात प्रदेशवार नातेसंज्ञा आहेत, विवाहाचे नियम आहेत, सगळं जगभरच्या मानववंशशास्त्रज्ञांसाठी. पंढरीच्या वारीवरचा 'वाटचाल' हा लेख मात्र त्यांनी मराठी वाचकासाठी लिहिला आणि त्यात त्या स्वतः चालतात. एकाच दिंडीत ब्राह्मण बायका आणि मराठा बायका. बरोबर चालतात, तेच अभंग म्हणतात आणि जेवतात वेगळ्या. इरावतीबाई कधी या पंक्तीला, कधी त्या. दोघींना एकत्र आणणं त्यांना जमत नाही, म्हणून त्या निदान आपल्यापुरता पूल बांधतात. मग त्या विचारतात, की हे एकत्र चालणं, एकत्र गाणं केवळ परलोकातल्या ऐक्यासाठी आहे का? उत्तर देत नाहीत. मराठी वाचकाला ते स्वतःच्या घरातल्या पंगतीत शोधावं लागतं.

हाच लेख दिनकर धोंडो कर्वे आणि फ्रँकलिन साउथवर्थ यांच्या इंग्रजी अनुवादात १९६२ साली 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये आला. दिंडी म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या वाचकापर्यंत तो 'मी'सकट, त्या प्रश्नासकट गेला. पुढे एलिनॉर झेलियट आणि मॅक्सीन बर्नसन यांनी महाराष्ट्रातल्या धर्मजीवनावरच्या त्यांच्या संग्रहातही तो घेतला. लेखिका मजकुरात उभी आहे म्हणून त्याची विद्वत्ता कोणाला कमी वाटली नाही.

समास किती सोडायचा, टीपा कशा द्यायच्या, हे प्रबंधाच्या नियमावल्यांत बारकाईने लिहिलेलं असतं. त्यात आणखी एक अट घालावी, असं मला मनापासून वाटतं. प्रबंधाचं पहिलं प्रकरण दुसऱ्या विभागातल्या एका प्राध्यापकाने वाचावं. इतिहासाचं रसायनशास्त्राच्या, रसायनशास्त्राचं मराठीच्या. त्यांना कुठे अडलं, ते त्यांनी समासात लिहावं आणि मौखिक परीक्षेत विद्यार्थ्याला पहिला प्रश्न त्यांनीच विचारावा.