चौकशी सरकारची, हक्क मजुराचा

लूमवरचा धोटा उडून कुणाचा डोळा गेला किंवा प्रेसखाली बोटे गेली, की आपल्या मोहल्ल्यात ठरलेली वाक्ये ऐकू येतात. एक म्हणतो, 'नशिबात होते.' दुसरा म्हणतो, 'सेठने दवाखान्याचा खर्च केला ना, आणखी काय पाहिजे?' अपघात मोठा असेल आणि पेपरात आला असेल, तर तिसरा म्हणतो, 'सरकारी चौकशी चालू आहे, बघू काय होते.' या तिन्हींचा शेवट एकच होतो. मजूर वाट बघत बसतो आणि दाव्याची मुदत निघून जाते.

मी मालेगावात लूमच्या आवाजातच लहानाचा मोठा झालो. वकील नाही, पण अशा कागदांसाठी लोकांबरोबर बरेच फिरलो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की समजली, ती तुम्हा तरुणांना सांगायची आहे. सरकारी चौकशी आणि मजुराची भरपाई हे दोन वेगळे रस्ते आहेत. दुसऱ्या रस्त्याने जाण्यासाठी पहिला संपायची वाट बघावी लागत नाही.

आधी चौकशीचे बघू. 1948 च्या कारखाने कायद्यानुसार कामगाराचा मृत्यू झाला किंवा जखमेमुळे 48 तास किंवा त्याहून जास्त काळ तो कामावर येऊ शकला नाही, तर मालकाने सरकारला कळवणे बंधनकारक होते. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय बघते. मृत्यू झाला तर एका महिन्यात चौकशी करण्याचे बंधन होते. फक्त डोळा किंवा हात गेला असेल, तर तसे बंधन नव्हते. निरीक्षक बघतो ते यंत्रावर जाळी होती का, नियम पाळले होते का. दोष सापडला तर मालकावर खटला. त्यात दंड झाला तरी तो सरकारी तिजोरीत जायचा, जखमी माणसाच्या हातात काही पडत नसे.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात दंड वाढला आहे आणि मृत्यू किंवा गंभीर इजा झाली असेल, तर दंडाची किमान निम्मी रक्कम पीडिताला किंवा त्याच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. हे चांगले झाले. पण विजेवर चालणाऱ्या जागेला 'कारखाना' म्हणायला पूर्वी 10 कामगार पुरत होते, आता 20 लागतात. मालेगाव-भिवंडीत एकाच छताखाली भाऊ, बायको, मुलगा अशा वेगवेगळ्या नावांनी लूम चालतात, हे आपल्याला माहीत आहे. अशा शेडपर्यंत कारखान्याचे नियम आधीच क्वचित पोचत, आता ते आणखी अवघड झाले.

म्हणून दुसरा रस्ता महत्त्वाचा. कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 चा आहे. आता त्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. इथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामावर असताना, कामामुळे इजा झाली एवढे दाखवले की पुरते. शेड लहान आहे म्हणून हा हक्क जात नाही. ठेकेदाराने आणलेला मजूर असेल, तरी मूळ मालकाकडे भरपाई मागता येते.

हिशोबही कायद्यातच दिला आहे. 30 वर्षांचा मजूर, पगार महिना 15,000 रुपये, धोटा लागून एक डोळा काढावा लागला, दुसरा चांगला आहे. पगाराचे 60 टक्के म्हणजे 9,000. त्याला या वयाच्या 207.98 या गुणांकाने गुणायचे, 18,71,820 होतात. एक डोळा गेल्याचे 40 टक्के धरले, तर 7,48,728 रुपये. माझ्या पाहण्यातले असेच एक प्रकरण 40 हजारांत 'मिटले'. कोऱ्या कागदावर अंगठा घेतला गेला आणि वर एहसान सांगितला गेला तो वेगळाच.

अशा कागदाने हक्क सोडला, असे कायदा मानत नाही. उपचाराला दिलेले पैसे भरपाईतून कापता येत नाहीत. भरपाई महिन्याभरात दिली नाही, तर 12 टक्के व्याज लागते. मृत्यू झाला असेल तर रक्कम घरच्यांच्या हातात ठेवून चालत नाही, ती सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. दावा मात्र दोन वर्षांच्या आत करायचा. आजवर कामगार न्यायालय हे काम बघत आले, नव्या संहितेत त्या पदाला 'सक्षम प्राधिकारी' म्हटले आहे. मजूर बिहार-उत्तर प्रदेशचा असेल, तर तो राहतो तिथेही दावा करता येतो. ईएसआयसीचे कार्ड असेल, तर हाच दावा ईएसआयसीकडे जातो आणि कायमच्या अपंगत्वात आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते.

आता नेहमीचा सवाल. सेठही आपलाच, केस केली तर काम जाईल, बिरादरीत वाईटपणा येईल. ही भीती खोटी नाही. छोट्या लूमवाल्यावर सुताचे आणि विजेचे कर्ज असते, हेही खरे. पण भरपाईचा विमा काढता येतो, आणि तो मालकाने काढायचा असतो, मजुराने डोळा देऊन नाही. मिटवणारे बुजुर्ग खरेच मध्यस्थी करणार असतील, तर त्यांनी आधी कायद्याचा आकडा समोर ठेवावा. 18 मे 2025 ला सोलापूरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. त्यात कामगार गेले, मालक गेले आणि त्यांच्या घरातले लहान मूलही गेले. तेव्हा सुरक्षेची मागणी म्हणजे सेठशी दुश्मनी, असे मानणाऱ्यांनी पुन्हा विचार करावा.

तरुणांनो, तुम्हाला लिहिता-वाचता येते, फोन हातात आहे. मोहल्ल्यात अपघात झाला, तर पहिल्याच दिवशी एवढे करा. दवाखान्याच्या केसपेपरवर 'यंत्रावर काम करताना' असे लिहून घ्या, 'जिन्यावरून पडला' असे लिहू देऊ नका. यंत्राचे फोटो काढा. पगारपत्रक नसेल, तर हिशोबाची वही, फोनवर आलेले पैसे, बरोबरच्या दोन मजुरांची नावे जपून ठेवा. संचालनालयाला आणि पोलिसांना लेखी कळवा, पोच घ्या. चौकशी झाली, तर माहितीच्या अधिकारात अहवाल मागा. वकिलाला पैसे नसतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो.

मदत करणारा सेठ भला माणूस असेल, त्याचे आभार माना. पण मदत आणि हक्क यांची बेरीज करू नका. आभार मानून झाले, की दाव्याचा अर्ज भरायला बसा.