निरोपाचा नारळ आम्हाला नको

दोस्तांनो, आधी एक शब्द जमिनीत गाडा. ‘शेवटचा प्रयोग’.

हा शब्द आपला नाही. तो कॉलेजच्या गॅदरिंगचा शब्द आहे. तीन वर्षं गायचं, नाचायचं, ढाली मिळवायच्या, फोटो काढायचे आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एकमेकांच्या गळ्यात पडून रडायचं, शर्टावर सह्या घ्यायच्या, मग जो तो आपल्या वाटेनं. ज्यांच्या घरी बापाची पेन्शन, आज्याचा वाडा आणि चुलत्याची सोसायटी आहे त्यांना हे परवडतं. त्यांच्याकडं कला म्हणजे जेवणानंतरची सुपारी. नाही खाल्ली तरी पोट भरलेलंच. आपल्याकडं गाणं म्हणजे भाकर. भाकरीचा शेवटचा प्रयोग कुणी लावतं काय?

कारण घडलं म्हणून लिहितोय. भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई. मिरचीचं गाव. हिरव्या मिरचीचा इथं मोठा बाजार भरतो, इथला माल ट्रकांनी लांब लांब जातो. ती तोडून तोडून रातभर ज्यांची बोटं आग आग होतात, त्या बायांत आपल्या वाड्यातल्याबी आहेत. मिरचीचा भाव वर गेला तरी त्यांची मजुरी तिथंच. तर या गावात यंदाच्या जयंतीच्या दिवसांत कॉलेजच्या पोरापोरींच्या एका कलापथकानं कार्यक्रम केला. सहा जण. चार पोरं, दोन पोरी. एक ढोलकी, एक हलगी, एक जुनी पेटी. मी त्यांच्यात गात नाही. मी जालन्याच्या एका रोलिंग मिलमधला कामगार. बारा तास भट्टीच्या तोंडाशी उभं राहायचं, लाल सळईकडं बघायचं आणि त्या धगीत जी ओळ सुचंल ती पाळी सुटल्यावर कागदावर उतरवायची. त्यांच्या काही गाण्यांचे शब्द माझे.

कार्यक्रमाच्या शेवटी एक पोरगं माईकवर म्हन्लं, “हा आमचा सगळ्यांचा एकत्र शेवटचा कार्यक्रम. परीक्षा झाली. आता सगळे वेगवेगळीकडं.” बाया डोळे पुसायला लागल्या. जयंती कमिटीनं नारळ दिले, शाली दिल्या. टाळ्या झाल्या. मला रडू नाही आलं. राग आला. तो राग इथं मांडतो. राग पोरांवर नाही, हे पहिल्यांदा लिहून ठेवा.

पथक परीक्षेनं मोडत नाही. परीक्षा हे निमित्त. पथक कशानं मोडतं ते मोजा.

पहिलं, डीजेनं. कमिटीला डीजेसाठी पैसा मिळतो. भिंतीएवढे स्पीकर येतात, दोन दिवस कानठळ्या बसतात. आणि पथकाला? गाडीभाड्यावर घासाघीस. “आपलीच पोरं हायेत, समाजासाठी एवढं करायला नको का?” म्हणे समाजासाठी! डीजेवाल्याला हे कुणी सांगत नाही. जो आपला नाही त्याला रोख आणि जो आपला आहे त्याला नारळ, हा कुठला न्याय? डीजेवरबी भीमगीतं लागतात, कबूल. पण डीजे शब्द ऐकू देत नाही. बाबासाहेबांचं नाव ऐकू येतं, बाबासाहेब काय म्हन्ले ते ऐकू येत नाही. ज्यांना आपण नाचावं पण विचार करू नये असं वाटतं, त्यांच्या ते पथ्यावरच पडतं.

दुसरं, पुढाऱ्यानं. त्या रात्री गाणं ऐन रंगात आलं आणि रस्त्यावर गाड्यांचे दिवे दिसले. साहेब आले. ढोलकीवरची थाप जागच्या जागी मेली. साहेबांचा सत्कार, साहेबांच्या माणसाचा सत्कार, साहेबांचं भाषण. पोरं कोपऱ्यात उभी. साहेब गेले, अर्धी गर्दी गेली, मग म्हणे हां, आता गा! गर्दी जमवायला शाहीर आणि जमलेल्या गर्दीपुढं साहेब. या व्यवहारात शाहीर म्हणजे बुजगावणं उलटं टांगलेलं. पाखरं हाकलायला नव्हे, गोळा करायला.

तिसरं, पोटानं. शिष्यवृत्तीचा पैसा वेळेवर हातात पडत नाही. खोलीचं भाडं थकतं. एक पोरगं पुण्याला कंपनीत चाललं ठेक्यावर, एक पोलिस भरतीच्या मैदानावर पळतंय, एकाला बाप म्हणतो मिरचीच्या गाडीवर चढ. यांना नाव ठेवायचा हक्क कुणाला आहे? मला तर नाहीच. मीबी ठेकेदाराचाच माणूस.

आणि चौथं, जे आपण बोलत नाही. घरातल्या मनूनं. त्या दोन पोरींतली एक आता सासरी जाणार. सासरच्यांनी कळवलं, पोरगी गुणाची आहे, पण गाणंबिणं आता बस झालं. घरात बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती, दारावर पंचशीलाचा झेंडा. आणि सून गायली तर इज्जत जाते! अरे, कुणाची इज्जत? १९२७ ला मनुस्मृती महाडला जाळली ना? मग ती तुमच्या माजघरात कुठनं शिरली? औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन दारोदार भीमगीतं गायल्या, त्यावर पोट भरलं आणि आज महाराष्ट्र त्यांचा आवाज ओळखतो. तो आवाज मोबाईलवर लावून डोळे पुसणारे हेच लोक. दुसऱ्याच्या घरची बाई गायली की चळवळ आणि आपल्या घरची गायली की बदनामी. या दुटप्पीपणावर थुंकतो मी.

आता जरा मागं बघा. आपला जलसा कुणी उभा केला? गॅदरिंगवाल्यांनी नाही. सत्यशोधक जलशाची वाट होती, तिच्यावर १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. गणातला गणपती उतरवला, गवळणीतला कृष्ण उतरवला, तिथं आपली दुःखं आणि बाबासाहेबांचा विचार आणून बसवला. कंदिलाच्या उजेडात, गावकुसाबाहेर. अण्णाभाऊ साठे गिरणीत राबले आणि १९४४ ला अमर शेख, गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. वामनदादा कर्डक शाळेची पायरी न चढलेला माणूस, मोठेपणी अक्षरं शिकला आणि २००४ ला मरेपर्यंत गावोगाव गात फिरला. यांच्या आयुष्यात ‘फायनल इयर’ नव्हतं. म्हणून यांच्या गाण्याला शेवटचा प्रयोगबी नव्हता.

कुणी म्हणेल, ते कामगार होते, आमची पोरं विद्यार्थी आहेत, विद्यार्थ्यांचं पथक तात्पुरतंच असणार. ठीक. विद्यार्थ्यांचंच उदाहरण घ्या. मराठवाड्यातलंच घ्या. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० ला औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिलं. युगायुगापासून अस्पृश्याचा छळ कसा चालत आला, त्याची कथा. १९५५ ला ते मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी केलं आणि खुद्द बाबासाहेबांनी पाहिलं. पुढच्या साली, १९५६ ला, नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी अफाट जनसमुदायापुढं त्याचा प्रयोग झाला. विचार करा. ज्या पोरांच्या बापाला गावच्या पारावर चढायची बंदी, ती पोरं रंगमंचावर चढून युगांचा हिशोब मागत होती.

ती पोरंबी पास झाली. तीबी पांगली. त्यांनाबी नोकऱ्या लागल्या. मग काय झालं? मिलिंदचं नागसेनवन विझलं नाही. त्याच नागसेनवनातनं ‘अस्मितादर्श’ निघालं, गंगाधर पानतावण्यांनी ते पुढं कितीतरी वर्षं चालवलं, तिथनंच मराठवाड्यातले कवी, मास्तर, कार्यकर्ते गावोगाव गेले. १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली, तेव्हा उभी राहिली ती याच मातीतली पिढी. सोळा वर्षं झगडून १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. पथक पांगलं तरी आवाज पांगला नाही, कारण त्या पोरांनी मागं जागा ठेवली होती, आणि त्या जागेत दुसरी पोरं येऊन बसली.

लांबचंबी सांगतो. अमेरिकेत काळ्या पोरांनी १९६२ ला फ्रीडम सिंगर्स नावाचं चौघांचं पथक काढलं. त्यातली बर्निस जॉन्सन रीगन ही आंदोलनात उतरली म्हणून कॉलेजातनं काढलेली विद्यार्थिनी. गाडीतनं देशभर फिरले, गायले, विद्यार्थी संघटनेसाठी पैसा उभा केला. १९६३ ला ते पहिलं पथक मोडलं. म्हणजे वरसाभरातच! पण लगोलग त्याच नावाचं दुसरं पथक उभं राहिलं. आणि रीगननं १९७३ ला काळ्या बायांचं नवं गाणारं पथक काढलं, ते कित्येक दशकं गाजलं. मोडलं कोण? चौघांचा मेळ मोडला. गाणं मोडलं नाही.

म्हणून मी म्हणतो, फुटायला हरकत नाही. फुटायचं कसं ते ठरवा. आपल्याला फुटायची सवय दांडगी. १९७२ ला पँथर निघाली, १९७४ ला फुटली. त्या फुटीतनं गट निघाले, गटातनं पुढारी निघाले, पुढाऱ्यातनं खुर्च्या निघाल्या. तसं फुटू नका. पिंपळगावच्या पोरांना मिरची काय सांगायची? वाळली मिरची हातात चुरा, कवच तुटतं आणि बी सांडतं. सहा जण सहा गावाला चाललेत ना? मग सहा पथकं होऊ द्या. पुण्याला कंपनीत जाणारा तिथल्या खोलीवर चार पोरं गोळा करू शकतो. जिथं चार आहेत तिथं हलगी वाजते.

आणि हे सोपं नाही, हेबी सांगतो. गाण्याची किंमत मोजावी लागते. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळ्यांनी दहा जण मेले आणि चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी स्वतःला संपवलं. २००२ ला पुण्यात उभ्या राहिलेल्या कबीर कला मंचाच्या पोरापोरींनी तुरुंग पाहिला. शीतल साठे २०१३ च्या एप्रिलात विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाल्या तेव्हा त्या गरोदर होत्या. २०२० ला मंचाच्या तिघांना अटक झाली आणि वर्षं वर्षं जामीन मिळाला नव्हता. शिर्डीत २०१५ ला मोबाईलवर भीमगीत वाजलं म्हणून एका पोराचा जीव घेतला. नांदेडजवळ बोंढार हवेलीत २०२३ च्या जूनमध्ये एका पोराला भोसकून मारलं, कारण गावात भीमजयंती काढली. ज्या गाण्यासाठी माणसं मारली जातात ते गाणं आपण परीक्षा झाली म्हणून बंद करायचं? शत्रूला जे चाकूनं जमलं नाही ते आपण नारळानं करून द्यायचं?

तर आता काम. एक. पथकाची सगळी गाणी एका वहीत उतरवा, चाल कुणाकडनं आली तेबी लिहा, आणि ती वही गावातल्या विहारात ठेवा. मोबाईलमधली गाणी मोबाईलबरोबर जातात. दोन. जाणाऱ्या प्रत्येकानं जायच्या आधी दोन लहानग्यांच्या हातात वाद्य द्यायचं. ढोलकी पथकाची नव्हे, वाड्याची. तीन. कमिट्यांनी डीजेच्या पैशातला अर्धा पथकाला द्यावा, आणि गाडीभाडं आगाऊ. जी देणार नाही तिला भर सभेत हिशोब विचारा. चार. गाणं चालू असताना साहेब आले तर साहेब उभे राहतील, ढोलकी थांबणार नाही. पाच. पोरीच्या लग्नाच्या बोलणीत हुंड्याला जसं नाही म्हणता तसं गाणं बंद करायलाबी नाही म्हणा. जो मुलगा गाण्याला भितो तो भीमसैनिक कसला?

भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. दोन हजार वर्षांखाली तिथल्या साध्या माणसांनी सांची-भारहूतच्या स्तूपांना दान दिलं, त्यांची नावं आजबी त्या दगडांवर आहेत. राजा नव्हते ते. आपल्यासारखेच. त्यांनी दगड दिला, आपल्याकडं आवाज आहे. दगड जागेवर राहतो, आवाज तोंडातनं तोंडात दिला तरच राहतो. मधल्या एकानं तोंड मिटलं की संपला.

म्हणून सहाही जणांना सांगतो, शाल घ्या, थंडीत कामाला येईल. नारळ फोडा, खोबरं वाटून खा. पण निरोप घेऊ नका. पुढच्या अमावस्येला नाही तर पौर्णिमेला, पाच माणसांपुढं का होईना, कुठल्याबी वाड्यात उभे राहा. नवी गाणी मी पाठवतो. भट्टी पेटलेलीच आहे.

जयभीम!