पुंगळी आणि जाळी

आमच्या दादाच्या पिकअपला दोन बदल केलेले होते. एक, हौद्याच्या फाळक्यांवर लोखंडी अँगल आणि जाळी वेल्ड करून हौदा उंच केलेला. दोन, सायलेन्सरची पुंगळी काढून मागून जाड पाइप बसवलेला. जाळी कापसासाठी होती. पाइप गणपतीच्या आधी दोस्तांनी लावायला लावला, आणि लपवत नाही, त्याचे पैसे मीच पुण्यातून फोनवर पाठवले होते.

ऐन कापसाच्या हंगामात गाडी अडवली गेली. दंड दोन्हीचा लागला. पाइप काढायला दहा मिनिटं लागली. जाळीही कापावी लागली, आणि एका खेपेचा कापूस दोन खेपांत न्यायची वेळ आली. दादा मला फोनवर एवढंच म्हणाला, "पुंगळीचं समजलं बे, पण जाळीनं कोनाचं काय बिघडवलं होतं?"

या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नाही. कायद्याला पुंगळी आणि जाळी सारखीच दिसते. आणि आपल्या पोरांनाही ती सारखीच दिसते. माझं भांडण दोघांशीही आहे.

आधी कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं शिक्षाही वाढली: प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

हेतू वाईट नाही. कुणीही उठून चेसिस कापायला लागला तर माणसं मरतील. पण पिकअपचा हौदा कंपनी सगळ्या देशासाठी एकाच मापाचा बनवते. आमच्याकडचा माल आहे सुटा कापूस. तो जागा खातो, वजन देत नाही. कितीही तुडवून भरा, फाळक्यापर्यंत हौदा भरला तरी गाडीची ताकद पुरती वापरात येत नाही. म्हणून वऱ्हाडातला वेल्डर जाळी उंच करतो. त्याला डिग्री नाही, पण काळ्या मातीच्या रस्त्यावर गाडी कुठे कलते हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी इंजिनिअरिंगची चार वर्षं केली. पावसाळ्यात शेतातून भरलेली गाडी बाहेर कशी काढायची, हा प्रश्न एकाही पेपरात आला नाही.

जाळीचाही गैरवापर होतो, हे मान्य. त्याच उंच हौद्यात कापसाऐवजी कांदा किंवा रेती भरली की वजन मर्यादेबाहेर जातं. मग कमानपाटे वाढवले जातात, आणि ब्रेक मात्र तेच राहतात. अशी गाडी वळणावर उलटते. पण त्याचा इलाज वजनकाटा आहे. जाळी कापून काय साधणार?

आता पुंगळी. इथे मी पोरांच्या बाजूनं नाही. सायलेन्सरच्या आत नळ्या आणि कप्पे असतात. आवाजाच्या लाटा त्यात एकमेकींवर आदळून विरतात. ते काढलं की "पिकअप वाढतो" म्हणतात. वाढतो तो फार तर नावापुरता, कारण इंजिनला डिझेल किती द्यायचं हे ठरवणारा प्रोग्राम तोच असतो. वाढतो तो आवाज. आणि डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही: १० नं वाढला तर ध्वनीची ऊर्जा दहापट, २० नं वाढला तर शंभरपट. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे. ८५ डेसिबलमध्ये आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी, असा कानाच्या सुरक्षेचा एक प्रचलित हिशेब आहे. म्हणजे पहिला बळी शेजारी नाही, ड्रायव्हर स्वतः आहे. दादा आता फोनवर ओरडून बोलतो. आई म्हणते, सवय लागली. मला तशी खात्री वाटत नाही.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत तर धूर साफ करणारी यंत्रणा एक्झॉस्टच्या वाटेतच असते. ती पोकळ केली की सेन्सर बोंबलतो. मग लॅपटॉप लावून सेन्सर गप्प करणारे भेटतात. हे माझ्या धंद्यातलं पाप आहे. २०१५ मध्ये फोक्सवॅगन जगभर बदनाम झाली ती सॉफ्टवेअरनं धूर लपवल्याबद्दलच. तेच आपण गल्लीत करतो आणि त्याला जुगाड म्हणतो.

कुणी म्हणेल, आवाज ही आमची संस्कृती आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी राजराजेश्वराला येतं, तेव्हा अख्खं अकोला रस्त्यावर असतं. पण ती कावड खांद्यावर येते. एक्झॉस्टवर नाही.

मग उपाय म्हणून काय होतं? महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडतात आणि त्यावर रोड रोलर फिरवतात. फोटो छान येतो. पण ते पाइप विकणारी दुकानं दुसऱ्या दिवशीही उघडी असतात, आणि पोरं त्याच फोटोवर रील बनवतात.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. आवाजाचा दंड मीटर लावून, आकडा दाखवून करा. पाइप बसवणाऱ्याइतकंच विकणाऱ्यालाही पकडा. आणि जाळीसारख्या कामाच्या बदलांसाठी ठरलेली उंची, ठरलेलं वेल्डिंग, एक तपासणी आणि आरसीवर नोंद, एवढी सोपी वाट तालुक्याच्या वेल्डरला परवडेल अशी द्या. नव्या ट्रकच्या बॉडीसाठी देशात संहिता आहे. कापसाच्या जाळीसाठी एक पान लिहिणं अवघड नाही.

आणि पोरांनो, तुमच्याकडून एकच हवं. हात चालवायचाच असेल तर जाळीवर चालवा. पुंगळी परत बसवा. मी या वेळी त्याचेच पैसे पाठवलेत.