नजरेचा माग

नातू दोन वर्षांचा होत आला, तरी हाकेला वळून पाहत नाही. सुनेच्या मनात शंकेची पाल चुकचुकते आणि आपण तिची समजूत घालतो, ‘अगं, याचा बापही तिसऱ्या वर्षीच बोलायला लागला!’ वाचकहो, हे वाक्य आपणांपैकी पुष्कळांनी प्रेमापोटीच उच्चारलेले असते. त्यात मोलाचे महिने मात्र निघून जातात.

डॉक्टरांनी स्वमग्नतेची शक्यता बोलून दाखवली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : रक्त तपासून नक्की कळणार नाही का? साखर कळते, थायरॉइड कळते, मग हे का नाही? लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव दिले, तेव्हा मुलाचे वागणे न्याहाळणे हेच निदानाचे साधन होते. आजही मुख्यतः तेच आहे. जनुकीय तपासणीतून काही मुलांमध्ये कारण सापडते. परंतु तिचा अहवाल निर्दोष आला म्हणून स्वमग्नता नाही, असे ठरत नाही. एका थेंबात पक्के निदान करण्याची हमी कोणी देत असेल, तर खिशात हात घालण्यापूर्वी आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

वस्तुनिष्ठ चाचणीच्या शोधात विशेष प्रगती झाली ती रक्तात नव्हे, तर नजरेत. अमेरिकेतील अटलांटा येथील वॉरन जोन्स व अमी क्लिन यांनी तान्ह्या बाळांच्या नजरेचा माग घेतला. पुढे स्वमग्न ठरलेली बाळे सुरुवातीला इतरांसारखीच डोळ्यांकडे पाहत होती. दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान मात्र ते पाहणे ओसरत गेले. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच धाग्यावर बेतलेल्या यंत्राला तेथील औषध प्रशासनाने २०२२ मध्ये १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी परवानगी दिली. मूल पडद्यावर खेळणारी मुले पाहते आणि त्याची नजर कोठे टिकते, हे यंत्र सेकंदाला शंभराहून अधिक वेळा टिपते. २०२३ मध्ये ४७५ मुलांवरील निष्कर्ष आले. तज्ज्ञांनी स्वमग्न ठरवलेल्या दर शंभरांतील सुमारे ७१ मुले यंत्राने ओळखली. उरलेली २९ निसटली! म्हणूनच हे यंत्र तज्ज्ञांच्या हाताशी असावे. त्यांच्या जागी नव्हे.

तोवर घरातली नजर आहेच, आणि दिवसभर बाळाजवळ असते ती बहुधा आपलीच. वर्षाचे मूल नावाला प्रतिसाद देत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द बोलत नाही, किंवा आलेले शब्द हरवले, तर वाट पाहू नये. आधी श्रवणचाचणी करून घ्यावी. जिल्हा रुग्णालयांशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत विकासाची तपासणी विनामूल्य होते. जाताना मोबाइलवर टिपलेली मुलाच्या खेळण्याची, जेवण्याची दोन-चार मिनिटांची चित्रफीत जरूर न्यावी; अनोळखी खोलीत मूल बुजते, घरात जसे असते तसे तेथे दिसत नाही.